वाचून झालेल्या पुस्तकांचं काय करायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमचं उपनगरातलं सार्वजनिक वाचनालय. दिवाळीची आवराआवर, मे महिन्यातल्या बदल्या आणि इमारतीचा पुनर्विकास या निमित्तांनी देणगीच्या टेबलावर आणि फोनवर तेच ते प्रश्न फिरून फिरून येतात. ते इथे एकत्र केले आहेत. पुस्तक देण्याआधी ते कोणाला हवंय हे विचारून घ्या, एवढं एक सांगणं बहुतेक उत्तरांत आहे.

१. पुस्तक वाचून झालं. ठेवू की देऊ, हे ठरवायचं कसं?

पुन्हा वाचाल किंवा अडल्यावर उघडाल अशी खात्री असेल तर ठेवा. शब्दकोश, कवितासंग्रह, पाककृतींची पुस्तकं, एखादं लाडकं प्रवासवर्णन या वर्गात येतं. घरात लहान मूल असेल तर त्याच्या वाढत्या वयासाठी चार पुस्तकं राखून ठेवणंही योग्यच. 'असू दे, कधीतरी लागेल' एवढंच कारण असेल तर मात्र द्या. कपाटात पुढच्या रांगेमागे दुसरी रांग असते, तिच्यातलं काय काय आठवतंय ते न बघता सांगून पाहा. जे आठवलं नाही त्याची वाट दुसरा कोणी वाचक बघत असू शकतो.

२. देण्याआधी पुस्तकांची काही तयारी करायची असते का?

हो. सगळ्यात आधी प्रत्येक पुस्तक उलटं धरून, पानं मोकळी सोडून हलवा. आमच्या टेबलावर पुस्तकांतून एसटीची तिकिटं, लग्नपत्रिका, जाळीचं पिंपळपान, वाण्याची यादी असं बरंच काही निघतं. एकदा बँकेच्या मुदत ठेवीची मूळ पावती निघाली, शिक्षणाच्या मार्कशीटही निघाल्या आहेत. आपलं नाव पहिल्या पानावर राहिलं तरी चालतं, पण पत्ता आणि फोन नंबर खोडा.

धूळ कोरड्या फडक्याने झटका, ओलं फडकं लावू नका. मग साधी यादी करा: पुस्तकाचं नाव, लेखक, आवृत्तीचं वर्ष, अवस्था. यादी जमत नसेल तर पुस्तकांचे कणे नीट वाचता येतील असे फोटो काढा. पुस्तकं पोत्यात भरू नका, कोपरे मोडतात. किराणा दुकानातली लहान खोकी सगळ्यात सोयीची. मोठं खोकं भरलं की उचलताना तळ फाटतो.

३. सार्वजनिक वाचनालयं पुस्तकं घेतात ना? मग आम्ही घेऊन गेलो तर 'नको' का म्हणाले?

घेतात, पण सगळी घेत नाहीत. नकारामागचं कारण कळलं की राग येणार नाही. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ सालचा. त्याखाली मान्यता मिळालेली, अ, ब, क, ड अशा वर्गांत मोडणारी हजारो ग्रंथालयं राज्यात आहेत. अशा ग्रंथालयात आलेल्या पुस्तकाची दाखल नोंदवहीत नोंद होते, त्याला दाखल क्रमांक मिळतो, शिक्के बसतात. त्या क्षणापासून ते पुस्तक ग्रंथपालाच्या जबाबदारीत येतं. दरवर्षीच्या मोजणीत ते दाखवावं लागतं, आणि काढून टाकायचं तर निर्लेखनाचा ठराव करावा लागतो. त्यामुळे ज्या कादंबरीच्या चार प्रती आधीच मांडणीवर आहेत तिची पाचवी प्रत, किंवा कोणीही उचलणार नाही असं पुस्तक घेणं म्हणजे जागा आणि मोजणीचं काम दोन्ही वाढवणं. बहुतेक वाचनालयांत माणसं दोन-तीन, पगार तुटपुंजा आणि जागा भरलेली असते.

म्हणून रिक्षात खोकी टाकून थेट येऊ नका. आधी फोन करा, यादी पाठवा, आणि 'तुम्हाला यातली कोणती हवीत?' असं विचारा. असं विचारणाऱ्या माणसाला ग्रंथपाल सहसा नाही म्हणत नाहीत. चरित्रं, बालसाहित्य, आरोग्य, शेती, स्थानिक इतिहास आणि मागणी असलेल्या कादंबऱ्यांच्या चांगल्या प्रती आनंदाने घेतल्या जातात. आणखी एक: जवळच्या मोठ्या वाचनालयापेक्षा तालुक्याच्या गावातल्या 'क' किंवा 'ड' वर्गाच्या वाचनालयाला तुमच्या पुस्तकांची गरज जास्त असते. गावाकडे जाणं होत असेल तर तिथे विचारा.

४. आम्ही दिलेली पुस्तकं वाचनालयाने नंतर रद्दीत काढली तर?

काही काढली जातात, आणि ते योग्य आहे. पानं सुटलेली, बुरशी लागलेली, वर्षानुवर्षं कोणी न नेलेली पुस्तकं काढली नाहीत तर नव्यांना जागा राहत नाही. एखादं पुस्तक तुमच्या जिव्हाळ्याचं असेल तर 'नको झाल्यास कळवा, मी परत घेऊन जाईन' असं देतानाच सांगा. आम्ही अशी नोंद ठेवतो. नोंद ठेवत नसलेल्या ठिकाणी ते पुस्तक देऊच नका.

५. कोणीच घेत नाही अशी पुस्तकं कोणती?

जुन्या अभ्यासक्रमाची गाइडं, कालबाह्य संगणक पुस्तकं, जुनी इयरबुकं, कर आणि कायद्याच्या जुन्या आवृत्त्या, कंपन्यांच्या डायऱ्या, लग्नात वाटलेल्या एकसारख्या पुस्तिका. ही रद्दीत द्या. जुनं औषधोपचाराचं किंवा कायद्याचं पुस्तक दान करणं तर धोक्याचंच आहे, कारण वाचणारा त्यावर विश्वास ठेवतो. रद्दीवाल्याकडून कागद लगद्याला जातो. त्यात कमीपणा काही नाही. फक्त प्लास्टिकचं वेष्टन आणि स्पायरलची तार आधी काढून टाका.

६. आदिवासी पाड्यावरच्या शाळेला पुस्तकं द्यायची आहेत. काय द्यावं?

मुलांना वाचता येतील अशीच. हे सांगावं लागतं, कारण शाळेच्या नावाने आमच्याकडे आलेल्या खोक्यांत समीक्षाग्रंथ, शेअर बाजाराची पुस्तकं आणि मोठ्यांच्या रहस्यकथा निघालेल्या आहेत. पहिली-दुसरीसाठी मोठ्या टायपातली, चित्रांची, पानाला दोन-तीन ओळी असलेली पुस्तकं. तिसरी ते पाचवीसाठी छोट्या गोष्टी, विज्ञानाचे खेळ, प्राणी-पक्षी. पुढच्या वर्गांसाठी चरित्रं आणि किशोरकथा. 'किशोर' मासिकाचे जुने अंक सुस्थितीत असतील तर ते फार उपयोगी पडतात. 'बालभारती' १९७१ पासून ते काढते आणि त्यातला मजकूर शिळा होत नाही.

आधी मुख्याध्यापकांशी बोला. पुस्तकं कुलूपबंद कपाटात जाणार असतील तर वर्गात दोरी बांधून त्यावर पुस्तकं लटकवायची सोय करून द्यायची तयारी दाखवा. दोरी आणि चिमट्यांचा खर्च अगदी किरकोळ आहे, आणि हाताशी लोंबणारं पुस्तक मूल आपण होऊन उघडतं.

७. शाळेची पाठ्यपुस्तकं आणि एमपीएससीची पुस्तकं कुठे द्यावीत?

वेळ पाळणं महत्त्वाचं. पाठ्यपुस्तक एप्रिल-मेमध्ये दिलं तर उपयोग, ऑगस्टमध्ये नाही. देण्यापूर्वी अभ्यासक्रम तोच आहे का ते बघा. राज्यात २०२५-२६ पासून पहिलीपासून नवा अभ्यासक्रम टप्प्याटप्प्याने येतो आहे, त्यामुळे धाकट्या भावंडाला मोठ्याचं पुस्तक चालेल हे गृहीत धरू नका. स्पर्धा परीक्षेची पुस्तकं गावातल्या अभ्यासिकेत द्या. चालू घडामोडींचे जुने अंक काढून टाका. इतिहास, भूगोल, राज्यघटना यांची मूलभूत पुस्तकं मात्र दोन-तीन वर्षं जुनी असली तरी मुलं मागून घेतात. विकायची असतील तर पुढचा प्रश्न पाहा.

८. जुनी पुस्तकं विकली तर किती पैसे मिळतात?

थोडे. दुकानदाराला तुमचं पुस्तक छापील किमतीच्या निम्म्यात किंवा त्याहून कमी भावात विकायचं असतं, आणि ते विकलं जाईपर्यंत जागा अडते. त्यामुळे निम्मी किंमत हातात पडेल अशी अपेक्षा धरू नका. पुण्यात अप्पा बळवंत चौकाच्या परिसरात शालेय, महाविद्यालयीन आणि परीक्षांच्या पुस्तकांना गिऱ्हाईक असतं. मुंबईत फ्लोरा फाउंटनचे फुटपाथ आणि माटुंग्याला किंग्ज सर्कलचे विक्रेते जुनी पुस्तकं घेतात. मराठी कादंबऱ्यांपेक्षा इंजिनिअरिंग-मेडिकलच्या पुस्तकांना तिथे लवकर भाव मिळतो. आउट ऑफ प्रिंट मराठी पुस्तक असेल तर किलोवर देऊ नका, आधी प्रश्न १५ वाचा.

९. दिवाळी अंकांचं काय करावं?

लवकर हातावेगळे करा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात त्यांना मागणी असते. डॉक्टरांचा दवाखाना, वृद्धाश्रम, सोसायटीचं ऑफिस, सलून, सगळीकडे ते वाचले जातात. उन्हाळ्यानंतर कोणी हात लावत नाही. १९०९ साली 'मनोरंजन' मासिकाने दिवाळी अंकाची प्रथा सुरू केली. तेव्हापासूनच्या जुन्या अंकांमध्ये, विशेषतः पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या, पुढे पुस्तकात कधीच न आलेल्या कथा आणि चित्रं असतात. तेवढे जुने अंक सलग असतील तर ते अभ्यासकांच्या कामाचे आहेत. सुटे असले तरी यादी करून ठेवा.

१०. सोसायटीत 'पुस्तक घ्या, पुस्तक ठेवा' असं कपाट ठेवलं होतं. सहा महिन्यांत त्यात नुसती रद्दी उरली. असं का होतं?

कारण चांगली पुस्तकं उचलली जातात आणि नको असलेली येऊन पडतात. कपाटाला एक माणूस नेमा. त्याने पंधरा दिवसांतून एकदा न हललेली पुस्तकं काढायची आणि गाइडं, मासिकं आत येऊ द्यायची नाहीत. एवढ्याने कपाट जिवंत राहतं. वर्षातून एकदा आदानप्रदानाचा दिवस ठेवला तर आणखी बरं. डोंबिवलीत पै फ्रेंड्स लायब्ररीने पुस्तक आदानप्रदानाचे मोठे कार्यक्रम केले आहेत, आपलं पुस्तक देऊन तिथलं दुसरं घेऊन जायचं. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या 'ग्रंथ तुमच्या दारी' योजनेत तर निवडलेल्या पुस्तकांची पेटीच वाचकांच्या गटात फिरते, आणि अशा पेट्या परदेशातही गेल्या आहेत. दोन्हीकडे पुस्तकांवर कोणाचं तरी लक्ष आहे, म्हणून ते चालतं.

११. पुस्तकं दुसऱ्या गावी पाठवायची आहेत. स्वस्त मार्ग कोणता?

टपाल खात्याची 'ज्ञान पोस्ट' सेवा. जुनी रजिस्टर्ड बुक पोस्ट डिसेंबर २०२४ मध्ये बंद झाली आणि १ मे २०२५ पासून ही सुरू झाली. सुरुवातीचे दर ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये ते ५ किलोपर्यंत १०० रुपये, अधिक कर. पार्सल भूमार्गाने जातं, माग काढता येतो. पुस्तकावर मुद्रक किंवा प्रकाशकाचं नाव छापलेलं असावं लागतं. नियतकालिकं त्यात बसत नाहीत, म्हणजे दिवाळी अंक नाहीत. ५ किलोंत साधारण पंधरा-वीस मध्यम पुस्तकं मावतात. आधी प्लास्टिकची पिशवी, मग जाड कागद, असं बांधा. पावसाळ्यात हे विसरू नका.

१२. पुस्तकांना कसर लागली आहे. तशीच देऊ का?

नको. एका खोक्यातून ती अख्ख्या कपाटात शिरते. चंदेरी, चपळ कसर पानांचा वरचा थर आणि बांधणीतली खळ खाते. पानांतून आरपार बारीक भोकं पाडणारे किडे वेगळे. घरगुती उपाय दोघांनाही लागू पडतो: पुस्तक प्लास्टिकच्या पिशवीत हवाबंद करून डीप फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका, एक दिवस जाऊ द्या, नाहीतर पानांवर पाणी धरतं. नंतर मऊ ब्रशने झटका.

वेखंड आणि कडुनिंबाचा पाला कपाटात ठेवायला हरकत नाही, पण लागलेली कीड त्याने जात नाही. डांबरगोळ्या माणसांच्या झोपायच्या खोलीत नकोतच. मातीच्या रेघा दिसल्या तर ती वाळवी आहे. तेव्हा पुस्तकांआधी भिंत आणि कपाट यांवर उपचार करून घ्या.

१३. पावसात भिजलेली किंवा पानं सुटलेली पुस्तकं वाचवता येतात का?

भिजलेल्या पुस्तकाला दोन दिवसांत बुरशी धरू लागते, म्हणून ताबडतोब हात लावा. उन्हात टाकू नका, कागद वेडावाकडा होतो. पंख्याखाली उभं ठेवून पानं पंख्यासारखी पसरा, मध्ये मध्ये कोरा टिपकागद घाला आणि तो बदलत राहा. गुळगुळीत आर्ट पेपरची पानं एकमेकांना चिकटली की सुटत नाहीत, ती आधी वेगळी करा. सगळ्यांना एकदम पुरं पडता येत नसेल तर बाकीची पुस्तकं पिशवीत घालून फ्रीझरमध्ये ठेवा, बुरशी थांबते आणि सवड मिळते. २०१९ च्या पुरात सांगलीतल्या वाचनालयांचं फार नुकसान झालं. तळमजल्यावर पुस्तकं असतील तर खालचा कप्पा रिकामा ठेवणं हीच खरी काळजी.

सुटलेल्या पानांना सेलोटेप लावू नका. काही वर्षांत चिकटा पिवळा पडतो आणि अक्षरं घेऊन निघतो. बाइंडरकडे द्या आणि दोन गोष्टी बजावून सांगा: शिलाई दोऱ्याने हवी, आणि कडा कापताना मजकूर जाऊ द्यायचा नाही. जुने बाइंडर खळीत मोरचूद घालतात, त्याने कीड दूर राहते.

१४. पहिल्या पानावर 'सप्रेम भेट' लिहिलेलं आहे. असं पुस्तक दुसऱ्याला दिलं तर वाईट दिसेल का?

लिहिणारी व्यक्ती हयात असेल आणि पुस्तक तिच्या ओळखीच्या वर्तुळात फिरणार असेल तर देऊ नका, किंवा आधी तिला सांगा. बाकी संकोच नको. पान फाडू मात्र नका. पहिलं पान निघालं की त्याला जोडलेलं पान ढिलं होतं, आणि त्या चार ओळी हा पुस्तकाचा इतिहासच असतो. आमच्याकडे एका कवितासंग्रहावर निळ्या शाईत 'सौ. वहिनींस, मंगळागौरीच्या जागरणाची आठवण म्हणून' असं लिहिलेलं आहे. तो नेणारी जवळजवळ प्रत्येक वाचक परत करताना त्या वहिनींबद्दल विचारते.

लेखकाने स्वतः लिहून दिलेली, स्वाक्षरी असलेली प्रत असेल तर ती वाचनालयाच्या देवघेवीत न देता संदर्भ विभागात ठेवण्याची विनंती करा.

१५. आजोबांचा हजारेक पुस्तकांचा संग्रह आहे. घर रिकामं करायचंय. काय करू?

घाई करू नका, आणि रद्दीवाल्याला सगळ्यात शेवटी बोलवा. आधी घरातल्यांना आठवणीपुरती पुस्तकं निवडू द्या. मग विषयवार ढीग करा. आजोबांनी ज्या एका विषयाचं मनापासून जमवलं असेल, मग तो संतसाहित्य असो, नाट्यसंगीत असो की सहकार चळवळ, तो ढीग फोडू नका. एका विषयाची दोनशे पुस्तकं एकत्र असली की अभ्यासकाला वर्षभराचं काम होतं. सुटी झाली की त्यांचं ते मोल राहत नाही. असा संग्रह त्या विषयाच्या संस्थेला, विद्यापीठाच्या विभागाला किंवा मोठ्या ग्रंथालयाला यादीसह लिहून विचारा.

'आजोबांच्या नावाचं स्वतंत्र कपाट हवं' ही अट घालण्यामागची भावना आम्हाला समजते, पण या अटीमुळेच बरेच संग्रह नाकारले जातात. त्याऐवजी प्रत्येक पुस्तकात त्यांच्या नावाची छोटी चिठ्ठी चिकटवायला मागा, ते बहुतेक ठिकाणी मान्य होतं. भिलारच्या 'पुस्तकांच्या गावा'चंही लोक विचारतात. ४ मे २०१७ ला सुरू झालेल्या या प्रकल्पात घराघरांत विषयवार पुस्तकं मांडलेली आहेत आणि तो राज्य मराठी विकास संस्था चालवते. तिथेही आधी यादी पाठवून विचारणं बरं.

जुन्यातलं मौल्यवान ओळखायला शंकर गणेश दाते यांची 'मराठी ग्रंथसूची' उपयोगी आहे. तिचे खंड १८०० ते १९५० या काळातली छापील मराठी पुस्तकं नोंदवतात. १८६७ पूर्वीच्या पुस्तकांना दोलामुद्रितं म्हणतात. तसं काही हाती लागलं तर साफसुफीही करू नका, मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय (१८९८) किंवा पुण्याचं भारत इतिहास संशोधक मंडळ (१९१०) अशा संस्थेला दाखवा. वर्ष शकात दिलेलं असेल तर त्यात ७८ मिळवा.

१६. जीर्ण झालेली ज्ञानेश्वरी, गुरुचरित्र, हस्तलिखित पोथ्या यांचं काय? नदीत सोडू का?

नदीत सोडू नका. शाई आणि कागद कुजून पाणी खराब होतं, आणि ग्रंथ काठावरच्या चिखलात अडकून राहतो. पारायणाची प्रत पुन्हा बांधून घेता येते, बांधणी प्रश्न १३ मध्ये सांगितली आहे. बांधण्याच्या पलीकडे गेली असेल तर जवळच्या देवळात किंवा मठात विचारा.

हस्तलिखित पोथी मात्र वेगळी. आधी ती खरंच हाताने लिहिलेली आहे का ते बघा. शिळाप्रेसवर छापलेल्या पोथ्या हुबेहूब हस्ताक्षरासारख्या दिसतात. शेवटच्या पानावर छापखान्याचं नाव सापडलं तर ती छापील. हस्तलिखित असेल तर फक्त स्वच्छ सुती कापडात गुंडाळा आणि संशोधन संस्थेशी बोला. मूळ द्यायची नसेल तर छायाचित्रं काढून घ्यायला द्या, पोथी घरीच राहील.

१७. मी अमेरिकेत राहते. इथली मराठी पुस्तकं कुठे देऊ? आणि पणजोबांची पोथी भारतातून इकडे आणता येईल का?

पुस्तकं तिथल्या महाराष्ट्र मंडळाला विचारा. बऱ्याच मंडळांच्या मराठी शाळा आहेत आणि मुलांच्या पुस्तकांची त्यांना सतत गरज असते. भारतात परत पाठवण्याचा खर्च पुस्तकांच्या किमतीपेक्षा जास्त होतो.

पोथीबाबत थांबा. पुरावशेष आणि कलानिधी अधिनियम १९७२ नुसार ७५ वर्षांहून जुनं, ऐतिहासिक किंवा वाङ्मयीन मोल असलेलं हस्तलिखित खाजगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. शंका असेल तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाकडे आधी विचारा. शंभर वर्षांपूर्वीच्या छापील पुस्तकांसाठीही तसंच करा. छायाचित्रं नेण्याला अडचण नाही.

१८. जुनं पुस्तक स्कॅन करून सगळ्यांना पाठवलं तर चालेल?

लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं पूर्ण झाली असतील तर चालेल. साने गुरुजी १९५० साली गेले, त्यामुळे त्यांच्या हयातीत आलेलं लेखन २०११ पासून मुक्त आहे. अशी पुस्तकं मराठी विकिस्रोत या ऑनलाइन मुक्त ग्रंथालयावर चढवली तर कायमची सर्वांना मिळतील. मात्र त्यातली नवी प्रस्तावना, चित्रं किंवा अनुवाद यांचे हक्क वेगळे असू शकतात. ६० वर्षं झाली नसतील तर पीडीएफ व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवू नका. मराठी पुस्तकाची आवृत्ती बऱ्याचदा हजार-पाचशे प्रतींची असते, तिथे लेखक-प्रकाशकाला याचा थेट फटका बसतो. विकत घेतलेली छापील प्रत देणं, विकणं मात्र कायद्याला मान्य आहे. ई-बुकचं तसं नाही. तुम्ही वाचण्याचा परवाना घेतलेला असतो, फाइल दुसऱ्याला देता येत नाही.

१९. पुस्तकं दान केली तर आयकरात सवलत मिळते का?

नाही. '८० जी' म्हणून ओळखली जाणारी देणग्यांवरची आयकर वजावट पैशाच्या रूपातल्या देणगीलाच आहे, वस्तूंना नाही.

२०. आवरताना दुसऱ्याच वाचनालयाचं पुस्तक सापडलं. पंचवीस वर्षं झाली. आता काय करू?

आधी शिक्का नीट बघा. 'निर्लेखित' असा शिक्का असेल तर ते रीतसर काढून टाकलेलं आहे, तुमचंच समजा. नसेल तर परत करा, दान म्हणून तिसऱ्याच वाचनालयाला देऊ नका. बहुतेक ग्रंथालयं मुखपृष्ठाआतल्या शिक्क्याशिवाय आत एका ठरलेल्या पानावरही शिक्का मारतात, त्यामुळे पुस्तक कोणाचं ते घेणाऱ्याला कळतंच. दंडाची धास्ती धरू नका. इतक्या वर्षांनी आलेल्या पुस्तकाचा हिशेब कोणी मांडत नाही, फार तर अनामत रक्कम तुम्ही आधीच गमावलेली असते. वाचनालय बंद पडलं असेल तर जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांच्या कार्यालयात विचारा. स्वतः जायचा संकोच वाटत असेल तर टपालाने पाठवा (प्रश्न ११), आत दाखल क्रमांकाची चिठ्ठी ठेवा. ग्रंथपालाला जुन्या नोंदवहीत तेवढ्यावरून ते सापडतं.